दंडाचा पैसा : फातोर्डा आणि हैदराबाद

उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेल्या आमच्या वस्तीचे नाव तारनाका. त्यातील 'तार' आणि 'नाका' हे दोन्ही शब्द मराठी माणसास समजावून द्यावे लागत नाहीत. जेथे नाका आहे तेथे थांबणे आले, झडती आली, आणि नियम चुकविणाऱ्यास दंड आला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र जकातीचा नव्हे, फुटबॉलच्या मैदानावरील दंडाचा आहे. वेतन घेऊन खेळणाऱ्या खेळाडूने स्पर्धेचे नियम मोडले म्हणून त्यास रोख रकमेचा दंड व्हावा, ही गोष्ट आमच्या वडील पिढीच्या कानांस चमत्कारिक वाटली असती. खेळाडूस शिक्षा होई ती त्यांनी पाहिली होती. पण त्याच्या खिशात हात घालण्याची वेळ आली नव्हती, कारण त्या खिशात खेळाचे म्हणून काही नसेच.

हे म्हणण्यास आम्हांस आधार आहे तो या परिसराच्याच इतिहासाचा. सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी, विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, आणि पेशाने शाळामास्तर. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९६३ च्या जूनमध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकला. रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीस आणि १९६२ साली जकार्तास आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. त्याच मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळ गोव्याच्या रक्ताचा, हे कोंकणी वाचकांस सांगावयास नको.

या संघांतील खेळाडू पोलीस खात्यात किंवा रेल्वेत नोकर असत. पगार नोकरीचा, खेळ हौसेचा, निदान कागदोपत्री तरी. ऑलिंपिकचा त्या काळचा नियमही असा की, खेळाचे पैसे घेणाऱ्यास तेथे प्रवेश नाही. तेव्हा रहीमसाहेबांच्या हातात दंडाचे हत्यार नव्हते. त्यांनी शिस्त लावली ती निराळ्या मार्गाने. ते सामनेच अशा अटींवर भरवीत की, खेळाडूची खोड आपोआप मोडावी. एखाद्या स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवीत पुढे नेण्यास मनाई, एखाद्या स्पर्धेत केवळ दुबळ्या पायानेच चेंडू मारण्याची सक्ती. उजव्या पायावर गर्व करणाऱ्यास डावा पाय मैदानावर उघडा पाडावा लागे, ही शिक्षा कोणत्याही रोख दंडाहून बोचरी होती असे आम्हांस वाटते. आणि त्याउपर कोणी उर्मटपणा केलाच, तर त्यास संघाबाहेर बसविणे हा शेवटचा उपाय होता. ज्याचे सारे सुख शनिवार-रविवारच्या दीड तासात साठविलेले, त्यास याहून मोठी शिक्षा कोणती?

(जाता जाता एक आठवण नोंदवावीशी वाटते. मैदानाबाहेरची शिस्त याच विद्यापीठाने एकदा फार कठोरपणे राबविली होती. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांस उस्मानियाने काढून टाकले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांस पोटाशी धरले. मराठवाड्यातील कितीतरी घरांचा या प्रकरणाशी संबंध आला होता. नियम मोडणारा दर वेळी गुन्हेगारच असतो असे नाही, एवढेच त्यावरून सुचते.)

खेळाडूस पैशाचा दंड करण्याची चाल जन्मास आली ती इंग्लंडात, आणि तीही अगदी तर्कशुद्ध रीतीने. तेथे १८८५ साली वेतनी खेळास मान्यता मिळाली, १८८८ साली लीग स्थापन झाली, आणि वेतन आले तसे वेतनावर बंधनही आले. १९०१ पासून नियम असा झाला की, कोणाही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक देऊ नये. श्रीमंत क्लबांनी सारे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा त्यामागचा उघड हेतू. क्लबांनी तो पाळला की नाही, याचे उत्तर १९०६ साली मिळाले. मँचेस्टर सिटी हा क्लब आपल्या खेळाडूंस गुपचूप जास्त पैसे देत असल्याचे चौकशीत उघड झाले. त्याचे सतरा खेळाडू १९०७ च्या पहिल्या जानेवारीपर्यंत खेळातून बाद झाले आणि त्यांच्यावर मिळून ९०० पौंडांचा दंड बसला. क्लबास दंड झाला २५० पौंडांचा. चार पौंडांच्या आठवड्याने हिशेब केला तर एकेका खेळाडूच्या वाट्यास सरासरी तीन महिन्यांहून अधिक पगार गेला.

या दोन आकड्यांकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. पैसे दिले क्लबाने, लपविले क्लबाने. खेळाडूंनी ते घेतले, एवढा त्यांचा अपराध. तरीही दंडाचा मोठा भार खेळाडूंच्या पाठीवर पडला. क्लबाच्या व्यवस्थापकासही खेळातून कायमचे घालविण्यात आले, हे खरे. पण पैशाच्या बाबतीत धन्याहून नोकराने साडेतीनपट अधिक भरले. त्याच सतरांपैकी बिली मेरेडिथ हा विख्यात खेळाडू बंदी संपल्यावर शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडून खेळू लागला, आणि १९०७ च्या डिसेंबरात त्याने व त्याच्या सोबत्यांनी खेळाडूंची संघटना उभारली. वेतनाची ती मर्यादा पुढे वाढत वाढत वीस पौंडांवर आली आणि १९६१ साली एकदाची सुटली. करार संपला तरी खेळाडूस धरून ठेवण्याचा क्लबांचा अधिकार १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात न्यायालयाने अन्याय्य ठरविला. म्हणजे एका दंडापासून सुरू झालेला झगडा संपावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ च्या सुमारास शिवोलीस, एका पाद्रीबाबाच्या हातून, असे सांगतात. भाताची कापणी झाली की शेते मोकळी होत आणि तेथेच गोलाचे खांब उभे राहत. पुढे खाणींच्या व्यवसायात पुढे आलेल्या घराण्यांनी या खेळास आश्रय दिला. साळगांवकर क्लब १९५६ सालचा. धेंपो त्यामागून आला, आणि त्याने तर पुढे राष्ट्रीय लीग दोनदा व आय-लीग तीनदा जिंकली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कुलदेवता गोव्यात आहेत, आणि या घराण्यांची नावे त्यांनी देवस्थानांच्या महाजनांत व देणगीदारांच्या फलकांवर वाचली असतील. या घरांनी फुटबॉलकडे पाहिले तेही बरेचसे त्याच दृष्टीने : गावाचे काही देणे लागतो, ते फेडावयाचे. खेळाडूस कारखान्यात वा कचेरीत नोकरी, आजारपणात मदत, आणि चुकल्यास मालकाची कानउघाडणी. हैदराबादच्या पोलीस खात्याहून ही व्यवस्था फार वेगळी नव्हती.

नियम मोडणे तेथे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. २००४ साली गोव्याच्या दुसऱ्या विभागात वर चढण्यासाठी दोन क्लबांत चढाओढ लागली आणि निकाल गोलांच्या फरकावर येऊन ठेपला. तेव्हा एका मैदानावर ६१-१ आणि दुसऱ्या मैदानावर ५५-१ असे निकाल लागले! दीड तासात एकसष्ट गोल म्हणजे दीड मिनिटाससुद्धा गोल लांबत नाही. चेंडू मध्यभागी आणून ठेवण्यास जो वेळ लागतो तेवढाच काय तो मोकळा राहतो. असोसिएशनने चारही क्लबांस शिक्षा केली. सारा गोवा हसला. पण हसण्यामागे खंत होती.

रोख दंडाचा खरा काळ आला तो २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर. आता खेळाडू नोकर नव्हता, करारबद्ध व्यावसायिक होता. सामना दूरचित्रवाणीवर देशभर दिसत होता. आणि स्पर्धेची अब्रू ही विकावयाची वस्तू झाली होती. पहिल्याच हंगामात, ऑक्टोबर महिन्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोवा आणि कोलकाता यांचा सामना झाला. कोलकात्याने तो २-१ असा जिंकला, आणि दोन्ही गोल करणारा कॅव्हिन लोबो हा गोंयकारच, ही एक गंमत. सामन्याच्या वेळी खेळाडूंत आणि प्रशिक्षकांत जी झटापट झाली तिची चौकशी होऊन कोलकात्याचे प्रशिक्षक आंतोनिओ हबास यांस चार सामन्यांची बंदी झाली. कोलकात्याचा फिक्रू तेफेरा आणि गोव्याचा रॉबेर पिरेस यांस दोन-दोन सामन्यांची बंदी, आणि शिवाय प्रत्येकी पाच लाख रुपये दंड. पिरेस हा १९९८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघातील खेळाडू. त्यास पाच लाखांचे काय? असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. आमच्या मते त्यास झोंबली असेल ती दोन सामन्यांची बंदी. पण पाच लाख हा आकडा वर्तमानपत्रांतून वाचणाऱ्या गोव्यातील उगवत्या खेळाडूच्या काळजात मात्र धस्स झाले असेल. एकच दंड एकास टिचकी आणि दुसऱ्यास गळफास, हा रोख दंडाचा मूळचाच दोष आहे.

यापुढचे प्रकरण दुखरे आहे. २० डिसेंबर २०१५ रोजी त्याच फातोर्ड्यास अंतिम सामना झाला, गोवा विरुद्ध चेन्नई. मुक्तिदिनाचा दुसरा दिवस, मैदान गच्च भरलेले. सत्त्याऐंशीव्या मिनिटास जोफ्रे याने गोल करून गोव्यास २-१ असे पुढे नेले. आता करंडक घरीच राहणार, असे सर्वांस वाटत असता नव्वदाव्या मिनिटास गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्याकडूनच चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला, आणि त्यानंतर दोनच मिनिटांत चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. जिंकलेला सामना गेला.

सामना संपल्यावर मैदानावर जे घडले त्यात चेन्नईचा ब्राझिली खेळाडू एलानो याच्याविरुद्ध गोव्याचे एक सहमालक दत्तराज साळगांवकर यांनी पोलिसांत तक्रार दिली. एलानोस अटक झाली आणि पुढे जामिनावर सुटका झाली. गोव्याच्या संघाने बक्षीस समारंभावर बहिष्कार टाकला. मालकांच्या तोंडून स्पर्धेच्या सचोटीविषयी संशयाचे उद्गारही निघाले. लीगने चौकशी बसविली आणि ५ मे २०१६ रोजी निकाल दिला : गोवा क्लबास ११ कोटी रुपये दंड, पुढील हंगामात १५ गुण वजा, आणि साळगांवकर व श्रीनिवास धेंपो या दोन्ही सहमालकांवर बंदी. अपिलात हा दंड ६ कोटींवर आला आणि गुणांची कपात रद्द झाली. पण तोपर्यंत जे तुटावयाचे ते तुटले होते. त्याच वर्षी साळगांवकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे दोन जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोनेही पुढे तोच मार्ग धरला. त्याचे कारण केवळ हा दंड नव्हता. देशाच्या फुटबॉलची जी नवी मांडणी महासंघाने योजली होती, तीत आपल्या क्लबांस खालची पायरी मिळते, अशी त्यांची तक्रार होती. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी याव्यात हा मात्र दैवदुर्विलास.

या निवाड्याविषयी आमचे मत आम्ही लपवीत नाही. पराभव पचविता न आल्याने बक्षीस समारंभास पाठ दाखविणे हे गैरच होते. पाहुण्यास यजमानाच्या अंगणात अपमानित वाटावे, हे आपल्या रीतीत बसत नाही. पुरावा हाती नसता संशय बोलून दाखविणे त्याहून गैर. दंड होणे योग्यच. पण ११ कोटी आणि १५ गुण? गुण जातात ते मालकाचे नव्हेत. ते जातात पुढील वर्षी घाम गाळणाऱ्या खेळाडूंचे, ज्यांतील कित्येक त्या रात्री मैदानावर नव्हतेही. अपिलात हाच भाग गळून पडला, याचे आम्हांस समाधान वाटते. आपल्याकडे जुन्या काळी गावाने कोणास दंड केला तर तो पुष्कळदा देवाच्या तेलवातीस लागे. देणाऱ्यास हळहळ वाटली तरी दिवा सर्वांसाठी जळे, आणि दंड भरून झाला की तो मनुष्य पुन्हा पंगतीस बसे. लीगच्या दंडात असा दिवा कोठे जळतो ते आम्हांस दिसत नाही; जी सत्ता दंड करते तिच्याच तिजोरीकडे पैशाची वाट जाते.

पुढील वर्षांत असे निवाडे आणखीही झाले. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूस सुनील छेत्रीने घेतलेल्या एका झटपट फटक्यावरून केरळच्या संघाने मैदान सोडले. क्लबास ४ कोटी आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांस ५ लाख रुपये दंड व दहा सामन्यांची बंदी झाली. खेळाडूंपैकी मात्र कोणास दंड झाला नाही. प्रशिक्षकाने बोलाविले म्हणून ते बाहेर आले, असे मानले गेले. १९०६ च्या मँचेस्टरशी तुलना करता येथे न्यायाची दृष्टी सुधारली आहे, हे कबूल केले पाहिजे.

आता आमच्या हैदराबादविषयी. २०१४ पासून लीगमध्ये असलेला पुणे सिटी हा क्लब २०१९ साली पैशाच्या अडचणीने बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. पुण्याकडून वारशाने एक भानगडही आली. नेस्तोर गोर्दियो हा स्पॅनिश खेळाडू चेन्नई सिटीशी करार असता पुण्याशी बांधला गेला, म्हणून त्याच्यावर चार महिन्यांची बंदी आली. फिफाचा नियमच तसा आहे : कराराच्या संरक्षित काळात खेळाडूने तो मोडला तर किमान चार महिने मैदान बंद, आणि त्यास फूस देणाऱ्या क्लबास दोन हंगामी मुदतींत नवे खेळाडू नोंदविण्यास मनाई. २०२४ च्या सप्टेंबरात बचावपटू अन्वर अली यासही हाच नियम लागला. त्याने आणि दोन क्लबांनी मिळून मोहन बागानास १२ कोटी ९० लाख रुपये द्यावेत, असा हुकूम महासंघाच्या समितीने काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात जाताच तो हुकूम मागे घेऊन फेरसुनावणी करण्याचे महासंघास मान्य करावे लागले. आपल्या देशातील एका खेळाडूच्या नावाशी एवढी मोठी रक्कम याआधी जोडली गेल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

पहिल्या हंगामात शेवटचा क्रमांक मिळविणाऱ्या हैदराबादने मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिसऱ्याच हंगामात अंतिम सामना गाठला. २० मार्च २०२२, मैदान पुन्हा फातोर्डा. केरळचा गोल साहिल तावोरा या गोव्याच्या खेळाडूने अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटास फेडला, आणि निकाल पेनल्टींवर गेला. हैदराबादचा गोलरक्षक होता लक्ष्मीकांत कट्टीमनी. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर ज्याच्या हातून करंडक निसटला, त्याने तीन फटके अडविले. हैदराबाद ३-१ ने विजेते ठरले.

यापुढील दोन वर्षांचा इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो सांगताना लेखणी जड होते. २०२३-२४ च्या हंगामात क्लबापाशी वेतनास पैसे उरले नाहीत. फिफाचा दुसराही एक नियम आहे : दोन महिन्यांचे वेतन थकले तर खेळाडूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि मोकळे व्हावे. परदेशी खेळाडू एकामागून एक मोकळे झाले. थकबाकीच्या तक्रारींवरून क्लबास नवे खेळाडू नोंदविण्यास मनाई झाली. उरलेली तरुण पोरे तो हंगाम खेळली : बावीस सामने, विजय एक. त्यांस पिवळे कार्ड मिळाले तर त्याची नोंद होत होती, लाल मिळाले तर पुढचा सामना बंद होत होता. नियमाचा नाका त्यांच्यासाठी चोवीस तास उघडा होता. ज्यांच्याकडून त्यांचे वेतन येणे होते, त्यांच्यासाठी मात्र मुदती होत्या, तारखा होत्या, अपिले होती. फातोर्ड्यास समारंभाचा मान राखला नाही म्हणून साडेचार महिन्यांत ११ कोटींचा निवाडा करणारी व्यवस्था, विजेत्या संघातील मुलास त्याचा महिना वेळेवर मिळवून देऊ शकली नाही.

१९५० साली सिटी पोलीस संघाच्या खेळाडूस खेळाचे काही मिळत नसे; पण पहिल्या तारखेस त्याचा पगार होत असे. त्यातील जे कलकत्त्यास गेले तेही तेथे काय मिळेल याचा अंदाज घेऊनच गेले. तुळशीदास बलराम हा सिकंदराबादेचा मुलगा १९५७ साली ईस्ट बंगालकडे गेला आणि तेथेच नावारूपास आला; १९६२ च्या सुवर्णपदकात त्याचा वाटा मोठा. २०२३ साली तो निवर्तला. रहीमसाहेबांवर २०२४ साली 'मैदान' नावाचा चित्रपट निघाला, आणि तो पाहावयास तारनाक्याच्या कित्येक घरांतून मंडळी गेली. त्याच वसंतात, इकडे गचीबोवलीच्या मैदानावर, हैदराबादचा संघ गुणतक्त्याच्या तळाशी हंगाम संपवीत होता. २०२५ साली नव्या मालकांनी तो दिल्लीस नेला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवले. पुण्याहून हैदराबादेस आलेली जागा सहा वर्षांत पुढच्या गावी गेली.